कंठवाल्या पोपटाचे शास्त्रीय नाव नेमके कोणते?

प्रश्न:
आमच्या पेरूच्या झाडावर रोज सकाळी कंठवाले पोपट येतात. मुलीच्या नोंदवहीत त्यांचे शास्त्रीय नाव लिहायला घेतले, तर जुन्या पुस्तकात ‘सिटॅक्युला क्रामेरी’ आणि एका नव्या यादीत ‘ॲलेक्झांड्रिनस क्रामेरी’ असे आढळले. पक्षी तोच असताना नाव का बदलले? पिंजऱ्यातल्या बजरीगरलाही पॅराकीट म्हणतात, मग तो याचा जवळचा नातेवाईक आहे का?

उत्तर १:
दोन्ही नावे त्याच पक्ष्याची आहेत. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८०० साली सिटॅक्युला ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट; शास्त्रीय नावातला पहिला शब्द) मांडली आणि पुढे आशियातले लांब शेपटीचे बहुतेक पोपट तीत गणले गेले. मात्र डीएनएची तुलना झाल्यावर असे दिसले की आग्नेय आशियातले काही आखूड शेपटीचे पोपट, इतकेच नव्हे तर हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा नामशेष मास्करीन पोपटही, याच वंशवृक्षाच्या फांद्यांमध्ये बसतात. म्हणजे एकतर त्या सगळ्यांना एकाच प्रजातीत घ्यायचे, नाहीतर जुनी प्रजाती फोडायची. २०१९ साली काही संशोधकांनी दुसरा मार्ग सुचवला. त्यानुसार कंठवाला ॲलेक्झांड्रिनसमध्ये, तोई पोपट हिमालयासिट्टामध्ये आणि सह्याद्रीतला निळ्या पंखांचा पोपट निकोसिट्टामध्ये गेला. गोंधळाची गोष्ट अशी की ज्याला इंग्रजीत ॲलेक्झांड्राइन म्हणतात, तो मोठा पहाडी पोपट मात्र पॅलिऑर्निसमध्ये आहे.

उत्तर २:
पॅराकीट हा वर्गीकरणातला गट नाही. लहान चणीच्या, लांब शेपटीच्या पोपटांना दिलेले ते सर्वसाधारण नाव आहे. बजरीगर ऑस्ट्रेलियातला असून त्याचे कुळ आपल्या पोपटांचेच असले, तरी जवळचे नाते लोरी पोपटांशी आहे. दक्षिण अमेरिकेतला मंक पॅराकीट तर वेगळ्या कुळातला आहे.

उत्तर ३:
नोंदवहीत दोन्ही नावे लिहावीत, असे मला मनापासून वाटते. ‘क्रामेरी’ हे जातिनाम, म्हणजे नावातला दुसरा शब्द, निसर्गशास्त्रज्ञ स्कोपोली यांनी १७६९ साली दिले आणि ते आजही कायम आहे. त्यांनी हा पक्षी ‘सिटॅकस’ प्रजातीत ठेवला होता. प्रजाती बदलली म्हणूनच आज त्यांचे नाव व साल कंसात लिहितात.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचे आभार. आज त्याच पेरूवर एक थोराड पोपट दिसला, त्याच्या खांद्यावर तांबडा डाग होता. कंठवाल्याला तसा डाग नसतो, तेव्हा मुलीने त्याच्यासाठी पॅलिऑर्निसचे नवे पान उघडले आहे.