मदत हवी आहे: फाट्यावर अडणारं एचओ इंजिन

मंडळी, माझ्याकडे मॉडेल रेल्वेचं, एचओ स्केलचं (१:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिमी) चार आसांचं डिझेल इंजिन आहे, रुळांतून येणाऱ्या करंटवर चालणारं. साधा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर, डीसीसी (रुळांतूनच डिजिटल आज्ञा देणारी पद्धत) नाही. त्यामुळे वीज साठवणारा कपॅसिटर बसवायचा सल्ला नको. वेगात झकास पळतं. पण शंटिंगच्या चालीने सोडलं की फाट्यावरच्या प्लास्टिकच्या फ्रॉगवर (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, तिथे करंट नसतो) हमखास बंद. बोटाने केसभर ढकललं की दिवा लुकलुकतो आणि गडी पुन्हा चालू.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाकं पुसली, गिअरमधलं जुनं चिकट ग्रीस काढून थेंबभर प्लास्टिकला चालणारं तेल घातलं. आवाज कमी झाला, अडणं तसंच. बेळगावचा पावसाळा, त्यामुळे आधी दमटपणावर संशय होता. पण ऊन पडल्यावरही तेच.

मग खालून उघडून पाहिलं. करंट फक्त पुढची बोगी (दोन आसांचा वळणारा चाकगाडा) घेते, आणि तिच्याच दोन चाकांवर रबरी टायर. म्हणजे आठपैकी सहाच चाकं उपयोगाची, त्यातली मागची चार फुकट फिरतात! मागच्या बोगीची चाकं धातूची आहेत, एका बाजूची आसापासून इन्सुलेटेड.

तिथे चाकांवर घासून करंट घेणाऱ्या पट्ट्या बसवायच्या आहेत. त्यासाठी लागणारी फॉस्फर ब्राँझची (स्प्रिंगसारख्या लवचिक मिश्रधातूची) बारीक तार खडेबाजारात मिळाली नाही. जुन्या रिलेतल्या (विजेवर चालणाऱ्या स्विचमधल्या) पातळ पट्ट्या चालतील का? आणि त्या चाकाच्या पाठीवर टेकवू की कडेवर, म्हणजे बोगी वळताना जड होणार नाही?