पारंपरिक धनुष्याला लाकडी बाणच हवेत का?

तिरकामठा (धागाकर्ता)

आमच्या मैदानावर सध्या एकच वाद पेटलाय. एका ज्येष्ठ सदस्यांनी ग्रुपवर फर्मान काढलं की लाँगबो (लांब, सरळ पारंपरिक धनुष्य) आणि हॉर्सबोवाल्यांनी (घोडेस्वारांचं आखूड धनुष्य) लाकडी बाणच वापरावेत. कार्बन-फायबरचा बाण लावायचा असेल तर सरळ कंपाउंड (चाकं-केबलचं आधुनिक धनुष्य) घ्यावं. त्यावर इतके अंगठे पडले की वेगळं मत मांडायची सोयच उरली नाही. म्हणून इथे लिहितोय.

माझं मत: मुंबईत, त्यातही शिकाऊ माणसाने, ॲल्युमिनियमचे बाण घ्यावेत. लाकूड हौसेला, दिवाळीनंतर. कार्बन सार्वजनिक मैदानावर नको.

आधी परंपरेचं बघू. तुमच्या हॉर्सबोच्या लिंबात (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यात) फायबरग्लास, दोरी डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याची, नॉक (बाणाची दोरीत अडकणारी खाच) प्लास्टिकचा. मग सोवळं नेमकं शाफ्टपाशीच (बाणाच्या काडीपाशीच) का? डग ईस्टन यांनी ॲल्युमिनियमचे बाण १९३९मध्ये बनवले. कंपाउंडचं पेटंट १९६९चं. मधली तीस वर्षं हे बाण लाँगबो आणि रिकर्व्हमधूनच (टोकं पुढे वळलेल्या धनुष्यातूनच) सुटत होते की!

आता हवा. जून ते सप्टेंबर मुंबईत आर्द्रता बऱ्याचदा ८० टक्क्यांच्या वर असते. कोरड्या हवेत ८-९ टक्के ओलावा असलेलं उघडं लाकूड अशा हवेत १६ टक्क्यांपर्यंत पाणी ओढतं. म्हणजे ३५० ग्रेनचा (१५ ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम) शाफ्ट वीसेक ग्रेनने जड होतो, आणि नरमही पडतो. एकाच डझनातले दोन बाण सारखे फुगत नाहीत, हे आणखी वेगळं. नेम आपला चुकला की शाफ्टचा, हे शिकाऊ माणसाला कसं कळायचं?

ॲल्युमिनियममध्ये ही भानगड नाही. शाफ्टवर १९१६ हा आकडा असेल तर व्यास १९/६४ इंच, भिंत ०.०१६ इंच. डझनातला पहिला आणि बारावा सारखाच. वजन इंचाला साधारण १० ग्रेन, म्हणजे पारंपरिक धनुष्याला हवं तसं भरीव. पॉइंट (बाणाचं धातूचं टोक) गरम करून बसवायच्या गोंदाने लावला की लायटरवर शेकून काढताही येतो.

कार्बनवर माझा आक्षेप मैदानामुळे आहे. आपण जिथे मारतो तिथे आपण गेल्यावर पोरं अनवाणी क्रिकेट खेळतात. फुटलेल्या कार्बनच्या सुया गवतात सापडत नाहीत, तळपायात सापडतात.

बोरूबहाद्दर

धागाकर्ते, दमटपणाचा बागुलबुवा फार केलात. पावसाळ्यात जुन्या घरांचे सागवानी दरवाजे अडतात, म्हणून कुणी लोखंडी शटर बसवत नाही. तुम्ही जे गणित मांडलंय ते उघड्या लाकडाचं. नीट सील केलेला शाफ्ट इतकं पाणी ओढत नाही. पाणी शिरतं ते टोकांतून, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. नॉकचा निमुळता भाग आणि पॉइंटखालचा भाग वार्निशमध्ये आधी बुडवा, मग पॉइंट बसवा. लोक बाहेरून तीन हात मारतात आणि नेमकं हेच विसरतात. आणि ओले बाण पीव्हीसीच्या नळीत कोंबून लोकलने घरी नेऊ नका. त्या नळीत ते वाकणारच.

लाकूड मी परंपरेसाठी वापरत नाही, वजनासाठी वापरतो. सीडर लाकडाचा ११/३२ इंची बाण पॉइंट-पिसांसकट साधारण ४५० ग्रेन भरतो. ४५ पाउंडाच्या (पूर्ण ओढायला इतका जोर लागणाऱ्या) धनुष्याला हे पाउंडामागे १० ग्रेन झाले. बहुतेक कारागीर ८ ते १० सांगतात. हलका बाण सोडला की उरलेली ताकद लिंबात आणि तुमच्या मनगटात जाते. धनुष्य किती जोराने खणखणतं ते ऐका, मग बोला.

आणि हो, वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या लाँगबो गटात लाकडी शाफ्ट आणि नैसर्गिक पिसंच चालतात. उद्या स्पर्धेत उतरायचं तर सराव ॲल्युमिनियमवर करून काय उपयोग?

काळी_काडी

दोघांशीही असहमत.

बोरूबहाद्दर, वजनाचा मुद्दा पंधरा वर्षांपूर्वी ठीक होता. आज कार्बनमध्ये पितळी इन्सर्ट (पॉइंट बसवायचा आतला तुकडा) टाका, पुढे १७५ ग्रेनचा पॉइंट लावा, झालं वजन. पुढे भार वाढला की बाण वागायला नरम होतो, म्हणून शाफ्ट एक पायरी कडक घ्यायचा, इतकंच.

लोकांचं कार्बनशी जमत नाही त्याचं खरं कारण वेगळं आहे. लाकडाचा स्पाइन (शाफ्टचा कडकपणा) २६ इंचांच्या टेकूवर २ पाउंड टांगून मोजतात आणि पाउंडात सांगतात. कार्बन-ॲल्युमिनियमचा २८ इंचांवर १.९४ पाउंड टांगून, तो किती वाकला ते इंचाच्या हजाराव्या भागात. लाकडावर ५० वाचून लोक डोळे झाकून ५०० कार्बन मागवतात. प्रत्यक्षात ५०० म्हणजे लाकडाच्या भाषेत साधारण ६३ पाउंड! ५०-५२ला जवळचा शाफ्ट ६००. धागाकर्त्यांचा लाडका १९१६ही तिथेच, ६२३. मग ५००चा कडक बाण उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावीकडे जातो, आणि शिव्या कार्बनला. लाँगबोचा दांडा (मधला मुठीचा भाग) मध्यापर्यंत कापलेला नसतो, बाणाला वळसा घालून निघावं लागतं. तिथे ही चूक दुप्पट दिसते.

आणि ॲल्युमिनियम? शिकाऊ माणूस बटच्या (निशाण्यामागच्या, बाण झेलणाऱ्या गादीच्या) लाकडी चौकटीवर मारणारच. एक घासलेला फटका, बाण वाकला. सरळ केला की पुढच्या वेळी तिथेच वाकतो. कार्बन एक तर सरळ असतो नाही तर फुटलेला. मधलं काही नाही.

तिरकामठा

@काळी_काडी, स्पाइनच्या हिशोबाबद्दल पूर्ण अनुमोदन. हे पॅकेटवर छापायला हवं.

पण "मधलं काही नाही" हे पटलं नाही. मधलं असतं, ते दिसत नाही हाच तर घोळ आहे. वाकलेला ॲल्युमिनियम नखांवर फिरवला की थरथरतो, लगेच कळतं. कार्बनला दुसऱ्या बाणाचा फटका बसला की आतला थर सुटलेला असू शकतो आणि वरून तो नवाकोरा दिसतो. दोन्ही टोकं धरून वाकवायचा, पिळायचा, कानाशी धरून करकर ऐकायची, कापूस फिरवून धागे अडकतात का बघायचं. प्रत्येक फटक्यानंतर. आमच्या मैदानावर हे करणारा माणूस मी पाहिलेला नाही. न तपासलेला बाण दोरीवर फुटला तर तो डाव्या हातात घुसतो.

काळी_काडी

लाकूडही हातात घुसतं की. त्यावर कुणी बोलत नाही.

बोरूबहाद्दर

बोलतो ना. लाकडातली रेघ शाफ्टच्या कडेने तिरकी बाहेर पडत असेल तर तो शाफ्ट बाद. टिंबर मार्टमधला गोल दांडा आणून बाण करणाऱ्यांना हेच सांगून दमलो. तो दांडा रेघ न बघता मशीनमधून काढलेला असतो. रेघ थोडीशी तिरकी असेल तर वरच्या बाजूची टोकं निशाण्याकडे ठेवायची, म्हणजे फुटला तरी तुकडा हातावरून निघून जातो. दोरीची खाच वर्षवलयांना आडवी. हे बघायला अर्धा मिनिट लागतो, कापूसही लागत नाही.

मुक्काम_जव्हार

मुंबईकर मंडळी, सीडर अमेरिकेतल्या ओरेगॉनहून आणून पावसाळ्यात सांभाळताय, आणि बांबूचं नाव एकाने काढलं नाही! देशातल्या स्पर्धांमध्ये इंडियन राउंड हा गट बांबूच्या धनुष्यावर चालतो, दीपिका कुमारीसुद्धा सुरुवातीला बांबूच्याच धनुष्यावर शिकली.

पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू घ्या, ओल्या दिवसांतला तोडलेला लवकर किडतो. सावलीत वाळवा. निखाऱ्यावर पेर-पेर शेकत सरळ करा. गरम असताना वाकतो, गार झाला की तसाच राहतो. पेरं तेवढी घासा, वरची साल तासू नका. सगळी ताकद त्या सालीत आहे. खाचेखाली दोरा घट्ट गुंडाळून गोंद लावा, नाही तर उभा चिरतो. सालीमुळे दमटपणाचा त्रास लाकडापेक्षा कमी.

त्रास एकच: दोन बाण सारखे होत नाहीत. आमच्याकडे प्रत्येक बाणावर खूण असते आणि मारणाऱ्याला तोंडपाठ असतं कुठला किती डावीकडे जातो.

तिरकामठा

दादा, एकदम मान्य, पण मालाडच्या वन बीएचकेमध्ये निखारे कुठे पेटवू? सोसायटीचे सेक्रेटरी मलाच शेकतील.

मुक्काम_जव्हार

गॅसवर होतं. आई घरी नसताना.

बोरूबहाद्दर

:)) पण "तोंडपाठ असतं" हाच माझा मुद्दा आहे. धागाकर्त्यांना बारा सारखे बाण हवेत म्हणजे चूक कुणाची ते कळेल. ज्याला मन लावून शिकायचंय त्याने आधी चार बाण ओळखायला शिकावं.

तिरकामठा

ते चार ओळखायला हजारो बाण मारावे लागतात. आमच्या मैदानावर शनिवार-रविवार सकाळी दोन तास मिळतात, नऊला फुटबॉलवाले येतात. नोकरदार माणसाने कधी ओळखायचं?

अंगठाबहाद्दर_ठाणे

तुमच्या भांडणात पिसं विसरलात. माझा हॉर्सबो आहे, बाण अंगठ्यावरून सुटतो. प्लास्टिकची व्हेन (पिसाऐवजी लावायची पट्टी) बोटाला आपटून बाण उडवते, म्हणून पिसंच लागतात, शाफ्ट कुठलाही असो. आणि जुलैत पिसं भिजून शाफ्टला चिकटली की तिघांचेही बाण सारखेच वेडेवाकडे जातात. पावसात मारणाऱ्यांनी आधी बाणांवर टोपी घालायची सोय करा. स्टीलचे पॉइंटही पुसून ठेवा, खाऱ्या हवेत आठवड्यात तांबडे होतात.

काळी_काडी

पिसांबद्दल +१. मैदानातल्या सुयांबद्दल: आम्ही बटच्या मागे जाड जाळी लावतो, आणि फुटलेला बाण तिथल्या तिथे चिकटपट्टी गुंडाळून पिशवीत. तुकडे मोजून जुळले नाहीत तर मारणं थांबतं. शिस्त नसेल तर लाकडाचा पॉइंटही गवतात राहतोच. स्टील पायात गेलं तर ते पारंपरिक ठरत नाही.

तिरकामठा

जाळी आणि तुकडे मोजायचा नियम असेल तर माझा आक्षेप निम्मा गळतो. आमच्याकडे दोन्ही नाही, आणि ग्रुपवर वाद मात्र लाकडाच्या पावित्र्यावर चाललाय. माझे वाकलेले बाण भंगारवाला तरी घेतो.

आईची_बॅग

मधेच विचारते, राग मानू नका. मुलगी अकरा वर्षांची, तिचं लाकडी रिकर्व्ह २० पाउंडाचं. वरचं सगळं वाचून डोकं गरगरलं. काय घेऊ?

बोरूबहाद्दर

ताई, इथे मी लाकूड सांगणार नाही. लाकडी शाफ्ट सहसा २५-३० पाउंडांपासून पुढे मिळतात, तिच्या धनुष्याला सगळे कडक पडतील. ॲल्युमिनियमचे १४१६ किंवा १५१६ घ्या.

तिरकामठा

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

ताई, घेण्याआधी तिची ड्रॉ (दोरी ओढायची लांबी) मोजा: हलका बाण लावून पूर्ण ओढायला सांगा, सोडू देऊ नका, आणि दांड्याच्या पुढच्या कडेपाशी खूण करा. खुणेपेक्षा दोन इंच लांब शाफ्ट घ्या, या वयात हात भराभर वाढतात. पॉइंट गरम गोंदानेच लावायला सांगा.