रोमन सैनिकाचा क्लोक शिवायचाय, आकार आणि कापड सुचवा

फ्रँकफर्टकर:
नमस्कार मंडळी, इथे जवळच साल्बुर्गचा रोमन किल्ला आहे, कैसर विल्हेल्म दुसऱ्याच्या काळात पुन्हा उभा केलेला, तिथे रोमन वेशात जाणाऱ्या एका ग्रुपमध्ये मी शिरलोय. मला साधा सैनिक व्हायचंय, इ.स. १०० च्या आसपासचा. ट्यूनिक (आतला सदरा) शिवून झाला, आता क्लोक, म्हणजे वरून पांघरायचा झगा. दुकानातला लाल सॅटिनचा केप मला नकोय, या डोंगरातल्या पावसाथंडीत माणसाने खरंच वापरलं असेल असं काहीतरी हवंय. पण नेटवर सागुम, पेनुला, लासेर्ना, पालुदामेंटुम एवढी नावं येतात की काही कळत नाही. कुठला करू, कापड किती लागेल? मशीनवर सरळ टीप मारता येते.

सुईदोरा:
पालुदामेंटुम आधी बाद करा, तो सेनापतीचा. अलेसियाला (इ.स.पू. ५२) सीझर आलाय हे सगळ्यांना त्याच्या वस्त्राच्या रंगावरून कळलं असं त्यानेच लिहून ठेवलंय, म्हणजे तो रंग मुद्दाम उठून दिसायलाच होता. लासेर्ना हलका, शहरी लोकांत जास्त, सम्राट ऑगस्टसला तर फोरममध्ये (रोमच्या मुख्य चौकात) लोक टोगा हे रीतसर रोमन वस्त्र सोडून तो घालून येतात याचाच राग होता.

तुमच्यासाठी राहिले दोन. सागुम म्हणजे चौकोनी जाड लोकरी कापड, उजव्या खांद्यावर पिन लावायची म्हणजे उजवा हात मोकळा राहतो, शिवण जवळजवळ नाहीच. पेनुला म्हणजे अर्धवर्तुळ, समोरून बंद, टोपीसकट. रोममधल्या त्राजानच्या स्तंभावर (इ.स. ११३) दोन्ही दिसतात. पण तुम्ही पाऊस म्हणताय ना, मग पेनुलाच करा, आणि त्याआधी माइन्त्सला जाऊन या, तिथे १४व्या लीजनच्या (रोमन सैन्यदलाच्या) फ्लावोलेयस कॉर्डुस या सैनिकाची समाधीशिळा आहे, त्याने पेनुलाच घातलाय, घड्या कशा पडतात ते प्रत्यक्ष बघितलं की बेतणं सोपं जातं.

तुम्ही जर्मनीत आहात तर लोडेन घ्या, भरपूर आटवून घट्ट केलेली लोकर, कापल्यावर धागे निघत नाहीत आणि पाणीही बराच वेळ आत येत नाही. १५० सेंमी पन्ह्याचं असेल तर २.४ मीटर पुरेल. सरळ कडेच्या मध्यातून ११५ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ आखा, मध्यावर गळा कापा, सरळ कडेचे दोन भाग समोर आणून छातीपर्यंत जोडा, खाली चालायला उघडं ठेवा. उरलेल्या पट्टीतून टोपी निघते. रोमन लोक मात्र असं थानातून कापत नसत, मागावरच त्या आकारात विणून काढायचे, त्यामुळे तुमची कापलेली कड निदान हाताने दुमडून शिवा, मशीनची टीप लांबूनही ओळखू येते.

फ्रँकफर्टकर:
ताई, खूप आभार, माइन्त्स तर ट्रेनने इथून जवळच आहे, या शनिवारीच जातो. रंगाचं काय करू? ग्रुपमधले सगळे लालच म्हणतात.

जुनीनाणी:
दादा, लाल चुकीचा नाही, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी लोकर तेव्हा रंगवायचेच, पण सगळ्यांचे क्लोक एकसारखे लाल होते याला आधार सापडत नाही. इजिप्तमधल्या ममींवरच्या चित्रांत सैनिकांच्या खांद्यावर निळा क्लोकसुद्धा दिसतो. मी असतो तर न रंगवलेली, मेंढीच्या मूळ तपकिरी रंगाची लोकर घेतली असती, साध्या सैनिकाला शोभते आणि मळही दिसत नाही.

अजून एक, पुढेमागे सागुम केलात तर फिब्युला (खांद्यावरची पिन) सपाट घेऊ नका, कमानीसारखी उंच घ्या. जाड कापडाची चुणी त्या कमानीखाली बसते, सपाट पिनेत ती मावत नाही आणि पीन वाकते.

सुईदोरा:
रंगाचं पटलं. आणि लोडेन कापण्याआधी जुन्या चादरीवर हाच आकार कापून घालून बघा. गळा सुरुवातीला लहानच ठेवा, मोठा कधीही करता येतो. टोपी डोक्यावर घेऊन मान दोन्हीकडे वळवून बघा, ओढ बसली तर टोपीची पट्टी चार-पाच सेंमीने वाढवा.