डुशेन असलेल्या मुलासाठी व्हीलचेअर: कोणती घ्यावी? (खानापूर, वय ९)

खानापूरची_आई: मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा आजार. घरात भिंत धरून चालतो, पण शाळेच्या वाटेवर मध्येच बसतो. बजेट बारा हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. दारात दोन पायऱ्या. कोणती घेऊ?

टिळकवाडी७: ताई, इलेक्ट्रिकच घ्या. भाच्याला घेतली, ऐंशी हजार गेले, पण पोरगं स्वतःचं स्वतः फिरतंय बघा. पैसे काय, जमतात.

निपाणीकर: त्यांनी बारा लिहिलंय हो! आणि ते धूड पायऱ्यांवरून उचलणार कोण? आमची तशीच पडून आहे. आधी यूडीआयडी, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे.

घटप्रभा_काठ: एवढ्यात खुर्ची दिली की पाय जातात. रोज तेलानं चोळा, जिना चढवा. ताकद येते.

चंदगडची_मावशी: जिना अजिबात नको! या मुलांच्या स्नायूत डिस्ट्रॉफिन, म्हणजे स्नायू टिकवून धरणारं प्रथिन, नसतं, ताण पडला की स्नायू फाटतो आणि नीट भरून येत नाही. टाचा हळू ताणायच्या, रात्री पाऊल सरळ धरणारं स्प्लिंट घालायचं. खुर्ची मापाचीच घ्या. 'वाढत्या अंगाची' म्हणून रुंद घेतली की पोर एका अंगाला कलून बसतं, पाठीचा कणा वाकतो. स्टेरॉइड चालू असेल तर मनानं एकदम बंद करू नका. हृदयाचा इको दरवर्षी.

टिळकवाडी७: डॉक्टर मात्र मुंबईचा बघा. बेंगळुरूला भाषेचा त्रास.

निपाणीकर: कसला त्रास? राणी चन्नम्मा रेल्वेत रात्री बसलं की सकाळी बेंगळुरू. तिथल्या निम्हान्स या सरकारी इस्पितळात आम्हाला सगळं हिंदीत समजावलं. खुर्ची मापाचीच घ्या, मीही तेच म्हणतो.

घटप्रभा_काठ: तेलाचा गुण आम्ही डोळ्यांनी बघितलाय.

खानापूरची_आई: सगळ्यांचे आभार. नवी खुर्ची घेतच नाही. मास्तरांनी एक जुनी मिळवून दिलीय, थोडी रुंद आहे. दोन्ही बाजूंना फोमच्या गाद्या शिवून बसवतो. खाली झोळीसारखं कापड आहे, तिथं फळी टाकतो. खुर्ची शाळेतच राहील, ने-आण बाबांच्या स्कूटरवर. घरात चालतोय तोवर चालू दे. बारा हजारांत दारात रॅम्प करून घेतो, पुढं लागणारच आहे. दोन्ही पायऱ्या मिळून उंची चौदा इंच. उतार किती लांब धरू? गवंडी सोमवारी येतोय.

चंदगडची_मावशी: इंचाला एक फूट, म्हणजे चौदा फूट. गवंडी म्हणेल सहा फुटात बसवतो, ऐकू नका, खुर्ची मागं कलंडते. अंगणात एवढी सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून वळवून घ्या. आणि वर गुळगुळीत फरशी नको, खरखरीत सिमेंट सांगा.

टिळकवाडी७: तरी इलेक्ट्रिकचा विचार करा ताई.