अनुभव धागा: तुमच्या गाडीचा वेगाचा काटा कशाने खाली आला?

मुलुंडकर

महिन्यातून दोनदा मुलुंड-पुणे करतो. परवा मोबाइलवर ई-चलान आलं, २००० रुपयांचं. फोटोत माझीच गाडी, माझाच नंबर, मर्यादा १००, वेग ११८. आधी चिडलो, मग हिशेब केला. एक्सप्रेसवे ९४.५ किलोमीटरचा. अख्खा १०० ने गेलो तर ५७ मिनिटं, १२० ने गेलो तर ४७. घाटात तसं पळताच येत नाही, म्हणजे वाचणार त्याहून कमीच. आणि ती वाचलेली मिनिटं मी फूड मॉलवर वड्याच्या रांगेत घालवतो, हे बायकोने लगेच दाखवून दिलं.

खरं सांगायचं तर चलानामुळे माझी सवय गेलेली नाही. कॅमेऱ्याची कमान दिसली की सगळे ब्रेक मारतात, कमान मागे पडली की पुन्हा पहिले पाढे. म्हणून विचारतो: दंड, पाटी, पोलीस सोडून तुमचा काटा कशाने खाली आला? उपदेश नको, घडलेलं सांगा. मित्राच्या मित्राचं असेल तर तेही नको.

डेपोवाला

मी बेस्टचा निवृत्त ड्रायव्हर. हायवेचं मला फारसं सांगता येणार नाही. आमच्याकडे एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. नवा होतो तेव्हाची गोष्ट. संध्याकाळची भरलेली गाडी, सायनच्या अलीकडे एक फियाट आडवी आली. मी कचकन ब्रेक मारला, फियाट वाचली, मी खुशीत. मागे बघतो तर उभ्या प्रवाशांतली एक बाई खाली पडलेली, पिशवी फुटलेली आणि सगळ्यांच्या पायांत कोळंबी. ती मला एक शब्द बोलली नाही. एकेक कोळंबी वेचत बसली. मागे हॉर्नचा कल्लोळ, पण कंडक्टर काही दोन घंट्या देईना. म्हणाला, "वेचून होऊ दे तिचं."

तेव्हापासून मी समोरच्या गाडीकडे बघून चालवलं नाही, तिच्या पुढच्या गाडीकडे बघून चालवलं. कचकन ब्रेक मारायची वेळ फार कमी आली.

घाईत आहे

सगळं ठीक, पण आताच्या गाड्या फियाट नाहीत. एबीएस आहे, म्हणजे कचकन ब्रेक मारला तरी चाकं अडकत नाहीत, सहा एअरबॅगा आहेत. अटल सेतूवर जाऊन बघा. २१.८ किलोमीटर, दुचाकी नाही, रिक्षा नाही, आणि तिथेही १००! त्यापेक्षा उजव्या लेनमध्ये सत्तरने रमतगमत जाणारे काका जास्त धोक्याचे. डिपर मारून मारून हात दुखतो, ते हलत नाहीत.

मुलुंडकर

काकांबद्दल सहमत. उजवी लेन ओव्हरटेकपुरती असते, काही लोक ती पागडीने घेतल्यासारखे राहतात. पण एबीएसने रस्ता लांब होत नाही हो.

पहाटेचा टेम्पो

तुमची लेनची भांडणं वाचून लिहितो. नारायणगावहून टोमॅटो भरून वाशी मार्केटला टाकतो. भरलेली गाडी घाटात उतरवताना मी पुढे जी मोकळी जागा ठेवतो ना, ती मोकळी नसते. तो माझा ब्रेक असतो. कारवाला बघतो, अरे जागा आहे, आणि डावीकडून कट मारून घुसतो. माझा अर्धा ब्रेक घेऊन गेला तो. मी पुन्हा मागे होतो, पुन्हा दुसरा घुसतो. अमृतांजन पुलापासून खाली येईपर्यंत (पूल २०२० साली पाडला, आम्ही अजून तेच नाव घेतो) असे पाच-सहा तरी होतात.

माझं विचाराल तर न्यूट्रल. उस्तादाने शिकवलेलं, उताराला न्यूट्रल मारायचं, डिझेल वाचतं. पण न्यूट्रलला इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. एका पहाटे पाय दाबला तर पेडल मऊ लागलं, दुसऱ्यांदा दाबला तर खालीच गेलं. ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास. गिअर टाकायला गेलो तर पडेना, वेग वाढल्यावर खालचा गिअर पडतच नाही. शेवटी डावीकडच्या कठड्याला घासत घासत थांबवली. चाळीसएक क्रेट रस्त्यावर. क्लीनर खाली उतरला तो परत चढलाच नाही. खोपोलीला एसटी पकडून गावी गेला, राहिलेला पगार न्यायलाही आला नाही.

आता ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. डिझेल जात असेल तर जाऊ दे.

घाईत आहे

डावीकडून कट मारणाऱ्यांत मी आहे. हे ब्रेकचं माहीत नव्हतं. बाकी माझे मुद्दे तसेच.

रात्रपाळी

नर्स आहे. पहाटे स्कूटरवरून घरी जाताना जोगेश्वरीजवळ एक मुलगा पडलेला, हेल्मेट पंधरा फुटांवर. पट्टा लावलेलाच नव्हता. भोवती माणसं होती, पण पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून कोणी हात लावेना. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आहे, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, हे मी ओरडून सांगितलं. एक रिक्षावाला पुढे झाला. सीट धुवायचे पैसे देऊ केले तर घेतले नाहीत त्याने. मुलगा वाचला. माझी स्कूटर पंचेचाळीसवर जात नाही, आणि हनुवटीखालचा खटका वाजल्याशिवाय निघतही नाही.

वसईची सून

४ सप्टेंबर २०२२. चारोटीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला, मागच्या सीटवरचे दोघे गेले, पट्टे लावलेले नव्हते. त्याच्या आदल्या रविवारी आम्ही त्याच पुलावरून डहाणूहून आलो होतो. मी मागे, मांडीवर मुलगी, शेजारी सासूबाई.

बातमी पाहिली आणि रात्रीच खाली गाडीत जाऊन बसले. पट्टा ओढला, पण अडकवायचं कुठे? बक्कलच नाही. सात वर्षांची गाडी, सीट कव्हर शोरूममधून आणल्या आणल्या घातलेलं. चाचपत गेले तर कव्हराखाली काहीतरी टणक लागलं. ब्लेड आणून कापलं. नवरा वरून खिडकीतून ओरडतोय, अगं, तीन हजारांचं कव्हर! आत बक्कल अजून कंपनीच्या प्लास्टिकमध्ये.

सासूबाई आधी म्हणाल्या, "मागे कसला पट्टा, मी काय विमान चालवतेय?" १ नोव्हेंबरपासून मुंबईत मागच्यांनाही सक्तीचा झाला तेव्हा एकदाचा लावला. आता त्या मधून वाकून काटा वाचतात आणि ऐंशी दिसले की मुलाला लहानपणच्या नावाने हाक मारतात. काटा खाली येतो.

मुलुंडकर

आत्ता खाली जाऊन बघून आलो. आमच्याही दोन्ही बकला कव्हराखाली. कापलं तर उसवत नाही का?

वसईची सून

उसवतं. कडेने काज करून घ्या, बटणाला करतात तसं. माझं ब्लाउजवालीने करून दिलं, तिच्याकडे रेक्झिनची सुई होती. आणि ब्लेड बेताने चालवा, खाली लगेच फोम आहे.