डॉमिनिका: आधी छप्पर की आधी विमानतळ?

हिशेबनीस
डॉमिनिका म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. 2021 मध्ये मेहुल चोक्सी तिथे सापडला, आणि 2023 मध्ये राजधानी रोसोच्या विंडसर पार्कवर यशस्वी जैस्वालने पदार्पणातच 171 ठोकल्या. मला बोलायचंय त्यांच्या बजेटबद्दल.

कॅरिबियनमधलं हे बेट साडेसातशे चौरस किलोमीटरचं, वस्ती सत्तर हजारांच्या आसपास. 18 सप्टेंबर 2017 च्या रात्री मारिया वादळ आलं आणि वार्षिक जीडीपीच्या 226 टक्के नुकसान करून गेलं. अख्ख्या देशाची सव्वादोन वर्षांची कमाई एका रात्रीत पाण्यात. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी एरिका वादळाने 90 टक्के नेले होते. मारियानंतर पाच दिवसांनी पंतप्रधान स्केरिट संयुक्त राष्ट्रांत म्हणाले, आम्ही जगातलं पहिलं हवामानाला तोंड देऊ शकणारं राष्ट्र बनू. उत्तम. मग वेस्ली गावाला आंतरराष्ट्रीय विमानतळ कशाला काढला? माझ्या मते आधी घरांची छपरं, रस्त्यांखालच्या मोऱ्या, शेती. विमानतळ दहा वर्षांनी झाला तरी कोणाचं काही अडत नव्हतं.

जहाजी
अडतं हो. 2018 मध्ये आमचं जहाज रोसोला लागलं होतं. डोंगरावरची झाडं उभ्या खराट्यांसारखी, शेंड्याला जेमतेम पालवी. पण बंदरावर बोलणं चाललं होतं ते वेगळ्याच गोष्टीचं: रॉस मेडिकल कॉलेज बार्बाडोसला चाललं. चाळीस वर्षं पोर्ट्समथला होतं. त्या गावात खोल्या भाड्याने देणाऱ्या आणि पोरांना जेवण पुरवणाऱ्या बायका किती असतील बघा. सदाशिव पेठेतून सगळी क्लासची पोरं एका वर्षात उठून गेली तर मेसवाल्यांचं काय होईल, तसं.

आता गेलेल्या कमाईच्या जागी काय आणायचं? केळी? युरोपने सवलत काढली तेव्हाच ती बसली. राहता राहिलं पर्यटन. क्रूझचा माणूस सकाळी उतरतो, संध्याकाळी परत जहाजावर, गावाला काय मिळणार? मुक्कामी पाहुणा हवा तर विमान हवं. जुन्या धावपट्टीवर मोठं विमान उतरत नाही. मायामीहून थेट सेवा सुरू व्हायला 2021 चा डिसेंबर उजाडला, तीही छोट्या जेटची.

ठेचा
दर दोन वर्षांनी वादळ येतं तर तिथे राहतात कशाला?

श्रीवर्धनकरीण
@ठेचा, हेच चिपळूणला जाऊन विचारा. जेवायला घालून परत पाठवतील.

हिशेबनीस, तुमचं 'आधी छपरं' मला अर्धंच पटतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमचे पत्रे उडाले. ते पावसात भिजत का होईना, महिनाभरात परत बसले. सुपारीचं काय? आधी हेक्टरी मदत जाहीर झाली, पण आमच्या वाड्या गुंठ्यांत. मग झाडामागे धरली: नारळाला 250 रुपये, सुपारीला 50. पन्नास रुपये! रोप लावल्यापासून सुपारी हाताला यायला सहा-सात वर्षं जातात. सासरे आडव्या पडलेल्या झाडांवर बसून मोजत होते, आम्ही हाका मारल्या तरी उठेनात. छप्पर सरकार देऊ शकतं, मधली सात वर्षं कोण देणार?

हिशेबनीस
ताई, हा मुद्दा मी मांडायला हवा होता. तिथे पेटिट सॅव्हान नावाचं गाव होतं. गावाचा धंदा म्हणजे बे नावाच्या झाडाचा पाला भट्टीवर उकळून तेल काढणं. एरिकात दरड आली, गाव रिकामं केलं, आणि पुढे लोकांना बेलव्ह्यू शोपॅनला पक्के फ्लॅट दिले. स्लॅबचं छप्पर, वादळात हलणार नाही. पण झाडं राहिली जुन्या डोंगरावर. तेव्हा माझा क्रम बदलतो: आधी शेती, मग छपरं. विमानतळ अजूनही शेवटीच.

जहाजी
क्रम लावायला पैसा एका थैलीतला लागतो. विमानतळ परदेशी लोकांना पासपोर्ट विकून आलेल्या पैशातून होतोय.

हिशेबनीस
फ्लॅटही त्याच पैशातून झाले, म्हणजे थैली एकच! लाख डॉलर भरा, नागरिक व्हा. 2024 मध्ये भाव दोन लाख केला. काही वर्षं सरकारी महसुलाचा निम्म्याच्या घरातला वाटा या विक्रीचा होता. आणि गिऱ्हाईक पासपोर्ट घेतं ते बिनव्हिसा फिरायला मिळतं म्हणून. जुलै 2023 मध्ये ब्रिटनने व्हिसा लावला. उद्या युरोपने लावला तर? अर्धा बांधलेला विमानतळ आणि रिकामी थैली.

जहाजी
म्हणूनच पैसा येतोय तोवर कमाईचं साधन उभं करायचं! परक्यांकडून आलेला पैसा मोऱ्यांत घालून पुढे खायचं काय? नोटा छापायची सोयही नाही. पूर्व कॅरिबियन डॉलर आठ ठिकाणी मिळून चालतो, 1976 पासून एका अमेरिकन डॉलरला 2.70. बाहेरून डॉलर आले तरच चूल पेटते.

तलाठ्याचा जावई
विम्याबद्दल कोणीच बोललं नाही. त्या भागातल्या देशांचा सामायिक विमा आहे. वारा-पाऊस ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की पैसे सुटतात, पंचनामा नाही. मारियानंतर दोन आठवड्यांत सुमारे 1.9 कोटी डॉलर आले. आपल्याकडे तोवर तलाठ्याच्या गाडीला डिझेल मंजूर झालेलं नसतं. (सासरेबुवा वाचत असतील तर क्षमस्व.)

हिशेबनीस
आले, पण नुकसान होतं 130 कोटींचं. दीड टक्का. त्यातून पगार भागतात, पूल नाही.

आणि जहाजी, मोऱ्यांना हसू नका. एरिकात डोंगरातून ओंडके आणि धोंडे आले, पुलांखाली अडकले, आणि नदी रस्त्यावरून वाहिली. मोरी दुप्पट रुंद केली तर त्या ओंडक्यांना वाट मिळते. तुमचा मुक्कामी पाहुणा वेस्लीला उतरून रोसोला जाणार कशावरून?

जहाजी
रस्त्यावरून. बरं, मोऱ्या दिल्या तुम्हाला. विमानतळ सोडत नाही.

श्रीवर्धनकरीण
आणि झाडं?