शब्दचर्चा : ‘प्रतिबंधात्मक हल्ला’ म्हणावं का?

शहापूर (बेळगाव) : वाचनालयात वक्तृत्व स्पर्धेची तयारी चाललीय. विषय आहे, ‘शत्रूनं वार करण्याआधी आपण वार करणं न्याय्य आहे का?’ मुलं सरसकट ‘प्रतिबंधात्मक हल्ला’ लिहितायत आणि मला ते खटकतं. प्रतिबंधात्मक लस समजते. १ नोव्हेंबरचा काळा दिन जवळ आला किंवा कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात भरलं की सीमाभागातल्या मराठी कार्यकर्त्यांची होणारी प्रतिबंधात्मक अटकही आपल्याला चांगलीच ठाऊक आहे. कन्नडमध्ये त्यालाच ‘मुंजाग्रता क्रम’ म्हणतात. पण बॉम्ब टाकण्यालाही तोच शब्द? इंग्रजीत प्रीएम्प्टिव्ह आणि प्रिव्हेंटिव्ह असे दोन शब्द आहेत. आपण काय म्हणायचं?

निपाणी : ‘आगाऊ हल्ला’ म्हणा की. सरळ आहे.

शहापूर : दादा, आपल्याकडं आगाऊ म्हणजे उद्धटसुद्धा. मुलं स्टेजवर म्हणतील आणि लोक हसतील.

खानापूर : मी वकिली करते, म्हणून फरक आधी मांडते. पहिल्या, म्हणजे प्रीएम्प्टिव्ह प्रकारात समोरच्यानं हात उगारलेला असतो. दुसऱ्यात तो कधीतरी उगारेल असा नुसता वहीम असतो. १८३७ मध्ये कॅनडातल्या बंडखोरांना रसद नेणारी ‘कॅरोलाइन’ ही बोट ब्रिटिशांनी नायगारा नदी ओलांडून अमेरिकेच्या काठावर पकडली, पेटवली आणि प्रवाहात सोडून दिली. त्या प्रकरणात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांनी कसोटी घालून दिली : धोका अगदी दारात आलेला हवा, दुसरा उपाय उरलेला नसावा, विचार करायलाही सवड नसावी. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ५१ वं कलम तर सशस्त्र हल्ला झाल्यावरच्याच बचावाबद्दल बोलतं.

आपल्या दंडसंहितेतही हाच विचार होता. कलम १०२ प्रमाणे धोक्याची वाजवी भीती वाटली की बचावाचा हक्क सुरू. घाव बसायची वाट बघायची गरज नाही. पण कलम ९९ बजावतं की पोलिसांकडं जायला वेळ असेल तर तो हक्क नाही. न्यायसंहिता आल्यावर आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं. म्हणून पहिल्याला ‘पूर्वप्रहार’ आणि दुसऱ्याला स्वच्छ ‘संशयावरून हल्ला’ म्हणावं.

निपाणी : ताई, ‘संशयावरून’ म्हटलं की निकाल आधीच दिल्यासारखं होतं. इस्रायलनं ७ जून १९८१ ला इराकची ओसिराक अणुभट्टी पाडली. अणुबॉम्ब तयार झाल्यावर पुरावा मागत बसायचं का? आपल्या लोकांचा जीव ज्याच्या हातात आहे त्यानं किती थांबायचं, हे पण सांगा.

खानापूर : प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडं नाही. पण त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेनं ४८७ क्रमांकाच्या ठरावानं त्या हल्ल्याचा एकमतानं निषेध केला; अमेरिकेनंही बाजूनं मत दिलं. २००३ मध्ये इराकवर चढाई झाली ती महासंहारक शस्त्रांच्या नावानं. सगळा देश पालथा घातला, ज्यांच्यासाठी युद्ध केलं ते साठे सापडलेच नाहीत. चुकीच्या संशयावरून अटक झालेला माणूस जामिनावर सुटतो. बॉम्बखाली मेलेल्याला कोण सोडवणार? म्हणून संशय खरा होता हे दाखवायची जबाबदारी मारणाऱ्याचीच.

कॅम्प (माजी सैनिक, मराठा लाइट इन्फंट्री) : मी एकच गोष्ट मांडतो. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोट, अमृतसर, अंबाला, आग्रा इथले आपले विमानतळ अचानक लक्ष्य केले. डाव इस्रायलच्या १९६७ च्या हल्ल्यासारखाच होता : विमानं जमिनीवर असतानाच मारायची. त्यांच्या लेखी तो पूर्वप्रहारच. आपण त्याला कधी प्रतिबंधात्मक म्हटलं? आपल्या तोंडी ती आगळीकच. आणि २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोटला आपल्या परराष्ट्र सचिवांनी वापरलेले शब्द ‘नॉन-मिलिटरी प्रीएम्प्टिव्ह अॅक्शन’ असे होते. मी बालाकोटच्या बाजूचा आहे, आजही आहे. तरी मुलांना सांगा, जो शब्द आपल्या विमानांना लावाल तोच समोरच्यांच्या विमानांना लावून बघा. तिथं तो घशाखाली उतरत नसेल तर दुसरा शोधा.

शहापूर : पूर्वप्रहार घेतो. दुसऱ्यासाठी ‘संशयावरून हल्ला’ आणि ‘संभाव्य धोक्यावरून हल्ला’ असे दोन्ही फळ्यावर लिहितो. निपाणीच्या दादांचा प्रश्न विरोधी बाजूच्या मुलांना देतो, त्यांना दमदार मुद्दा हवाच होता.

निपाणी : द्या. पण ‘संभाव्य’च्या आधी ‘पुराव्यानं’ लिहा, म्हणजे ताईंचंही राहील.